तू त्याना जागावर बठ

आज सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहितोय. लांबणार आहे. आज वेळ नसेल त्यांनी उद्या वाचा, पण वाचा.

सकाळी पुतण्या घरी आला. चोवीस वर्षांचा, इंजिनिअर, मायाळू पोरगा. माझ्या हातात मोबाईल दिला आणि म्हणाला, "काका, गेम प्लॅन तयार आहे."

कसला? तर आमच्या सामाईक विहिरीचा. ही विहीर माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या भावाने मिळून खणलेली. तीन दिवस आमची पाळी, तीन दिवस त्यांची. यंदा दोन्हीकडे कांदा आहे. लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आणि मागच्या गुरुवारी चुलत भावाच्या मुलाने आमच्या पाळीत दोन तास मोटार चालवली. भांडण एवढंच.

पोराने ही सगळी हकिगत एआयला सांगितली. वर म्हणाला, हा स्ट्रॅटेजी गेम आहे असं धर, समोरचा काय चाल खेळेल त्याचा अंदाज घे आणि आम्ही जिंकू असा मार्ग सांग. अर्ध्या मिनिटात पाच चाली हजर. गुपचूप व्हिडिओ काढून ठेवा. वकिलाची नोटीस पाठवा. सातबाऱ्यावरची विहिरीची नोंद काढून हिस्सा पक्का करा. मोटारीच्या पेटीला कुलूप लावा. आणि पाचवी चाल, समोरच्याने कुलूप तोडलं की पोलिसात जा, कारण तेव्हा तुमची बाजू मजबूत झालेली असेल.

ही पाचवी चाल मी तीनदा वाचली. समोरच्याने कुलूप तोडावं म्हणूनच कुलूप लावायचं! रक्ताच्या माणसाला गुन्हेगार होईपर्यंत ढकलत न्यायचं आणि मग म्हणायचं, बघा, आमची बाजू मजबूत.

मी विचारलं, "त्याला फोन करून विचार, बाबा रे, पाणी का घेतलंस? ही चाल यात कुठे आहे?"

पोरगा म्हणाला, "काका, ते इमोशनल झालं."

तेव्हा मला आप्पा आठवले. आप्पा म्हणजे माझे वडील. पांझरेच्या फडावर पाटकरी होते.

आपल्या तरुण मित्रांसाठी थोडं सांगतो, कारण धुळ्यात राहूनही अनेकांना फड माहीत नसतो. पांझरा, कान, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून चालत आलेली ही पद्धत. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या. गावाच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात एकच पीक, दरवर्षी फेरपालट. पाणी कमी पडलं तर कोणता फड कोरडा ठेवायचा हे पंचांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचं. आणि पाणी ज्याच्या त्याच्या शेतात पोचवायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने स्वतः चारीला हात लावायचा नाही. पाटकऱ्याला मोबदला धान्यात मिळायचा. म्हणजे ज्याच्याशी आज पाण्यावरून वाजलं, त्याच्याच खळ्यावर उद्या सुगीला जाऊन उभं राहायचं.

१९७२ साल. दुष्काळ. मी दहा वर्षांचा. पाटाला पाणी असं नव्हतंच, ओल होती म्हणा. चारीच्या तोंडाशी एका नानांचं शेत, अगदी टोकाला एका जिभाऊंचं. एका रात्री कोणीतरी चारी फोडली आणि पाणी खाली नेलं. नाना कुऱ्हाड घेऊन निघाले. शब्दशः कुऱ्हाड घेऊन. लोकांनी धरलं.

आप्पांनी दोघांना मारुतीच्या पारावर बोलावलं. कोळशाने फरशीवर पाट काढला, चारी काढली, शेतं काढली. चंचीतून मूठभर चिंचोके काढले. एक चिंचोका म्हणजे एक पहर पाणी. मग अहिराणीत म्हणाले, "चारी कोनी फोडी ते माले सांगू नका. खेया." खेया म्हणजे खेळा. आणि नानांकडे बघून, "तू त्याना जागावर बठ. आनि जिभाऊ, तू याना जागावर."

म्हणजे तोंडाचा माणूस टोकाला बसला आणि टोकाचा तोंडाला. प्रत्येक फेरीला आप्पा दोन चिंचोके उचलून बाजूला टाकत. हे जमीन प्याली म्हणत. पहिल्या फेरीला नानांच्या वाट्याला तीन आले, दुसरीला एक. तिसरीला काही नाही. चौथ्या फेरीलाही काही नाही. नानांनी फरशीवर हात आपटला आणि ओरडले, "आसं व्हई ते मी बी चारी फोडसू!"

पारावर पंचवीस माणसं होती. कोणी हसलं नाही. नानांना आपण काय बोललो ते कळायला दोन क्षण लागले. आप्पा एकेक चिंचोका उचलून चंचीत टाकत राहिले. बोलले नाहीत. त्यांच्या नखांत पाटाचा वाळलेला चिखल होता, तो मला आजही दिसतो.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. प्रशियात, म्हणजे जुन्या जर्मन राज्यात, राइसविट्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशा, सोंगट्या आणि फासे घेऊन 'क्रीगस्पील' नावाचा युद्धाचा खेळ मांडला, असं कुठेतरी वाचलं तेव्हा पहिल्यांदा आप्पाच आठवले होते. त्याला म्हणे सेनापती म्हणाले होते, हा खेळ नव्हे, हे युद्धाचं शिक्षण आहे. तिथून ही विद्या जगभर गेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या इंग्लंडची जहाजं बुडवत होत्या, तेव्हा १९४२ मध्ये लिव्हरपूलला गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या आजारपणामुळे निवृत्त झालेल्या नौदल अधिकाऱ्याने आणि नौदलातल्या तरुण मुलींनी एका खोलीच्या फरशीवर समुद्र मांडला. खडूने रेघा, लाकडाची जहाजं. कप्तान लोक पडद्याच्या फटीतून बघायचे, कारण खऱ्या समुद्रात जेवढं दिसतं तेवढंच दिसायला हवं. त्या फरशीवर पाणबुड्यांवरचे डावपेच निघाले आणि ते खऱ्या लढाईत वापरले गेले. अटलांटिकमधून परतलेले कप्तान त्या मुलींकडून शिकले.

म्हणजे खेळाला माझा विरोध नाही, हे नीट लक्षात घ्या. मी खेळाच्या बाजूनेच लिहितोय. भांडण पेटण्याआधी फरशीवर पेटवून बघावं, हे शहाणपण आहे. रक्त सांडण्याऐवजी चिंचोके सांडले तर कोणाचं काय बिघडलं?

माझा राग वेगळाच आहे. पाराच्या त्या फरशीवर नाना बसले होते म्हणून ते वाक्य बाहेर आलं. नानांच्या जागी दुसऱ्याच कोणी खेळून "नाना, तुम्ही हरलात" असा कागद आणून दिला असता, तर नानांनी तो फाडून टाकला असता. आणि "नाना, तुम्ही असे जिंकाल" असा कागद दिला असता, तर? तर कुऱ्हाड पुन्हा हातात आली असती.

आज नेमकं हेच चाललंय. विहिरीवर काय आणि सरहद्दीवर काय.

२०२४ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी पाच भाषा-मॉडेल्सना, म्हणजे माणसासारखं बोलणाऱ्या एआयना, एका युद्धखेळात बसवलं. काल्पनिक आठ देश, प्रत्येक देशाचा कारभार मॉडेलच्या हातात. तह करा, व्यापार करा, सैन्य वाढवा, हल्ला करा, काय ते तुम्ही ठरवा. पाचही मॉडेल्स भांडण वाढवण्याकडे झुकली. सुरुवातीला काही भांडण नसतानाही शस्त्रं वाढवत गेली. क्वचित प्रसंगी अणुबॉम्बपर्यंत मजल गेली. एकाने दिलेलं कारण साधारण असं: बऱ्याच देशांकडे अण्वस्त्रं आहेत, आपल्याकडेही आहेत, तर वापरूया! ते मॉडेल कच्चं होतं, त्याला वळण लावलेलं नव्हतं, हे मान्य. पण वळण लावलेलीही भांडण चढवत गेलीच की. माझ्या पुतण्याच्या मोबाईलमधलं तर चांगलं गोड बोलणारं, सभ्य मॉडेल आहे. त्यानेही चौथ्या चालीला कुलूप आणि पाचवीला पोलीस सांगितले. अणुबॉम्ब नव्हता हाताशी एवढंच.

असं का होतं याच्यावर पंडित बोलतील. मला शाळामास्तराला जे दिसतं ते सांगतो. माणसाने आजवर जे लिहून ठेवलं त्यावर ही यंत्रं वाढली. आणि माणूस काय लिहितो? लढाया लिहितो. कोर्टकज्जे लिहितो. ज्या हजार भांडणांत कोणीतरी पारावर बसून चहा पाजला आणि प्रकरण मिटलं, ती कुठे लिहिलेली असतात? आप्पांचे चिंचोके कुठल्या पुस्तकात आहेत? मिटलेल्या भांडणाला दप्तर नसतं. आज मी लिहितोय, त्याला पन्नासच्या वर वर्षं लोटली.

आणि फासे कोणाचे, हा प्रश्न आपल्याला शिकवायची गरज नाही. आपण शकुनीच्या देशातले. १९४२ च्या मे महिन्यात जपान्यांनी प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरच्या मोहिमेचा खेळ टेबलावर खेळून बघितला. फाशांनी सांगितलं, तुमच्या 'अकागी' आणि 'कागा' या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. पंच होते उगाकी, म्हणजे मोहिमेचे सर्वेसर्वा यामामोटो यांचे चीफ ऑफ स्टाफ. त्यांनी निकाल फिरवला. नऊ बॉम्ब पडले होते त्याचे तीन केले. अकागी वाचवली, आणि बुडालेली कागा खेळाच्या पुढच्या टप्प्यात पुन्हा तरंगवली. महिनाभराने, जूनमध्ये, खऱ्या समुद्रात अकागी आणि कागा दोन्ही गेल्या, शिवाय 'सोर्यू' आणि 'हिर्यू'ही. हजारो पोरं बुडाली. फासे खरं बोलत होते, ऐकणाऱ्याला ते नको होतं. आता मला सांगा, एआयला प्रश्नच जर "आम्ही कसे जिंकू ते सांग" असा विचारला, तर निकाल फिरवायला उगाकी तरी कशाला पाहिजे? तो प्रश्नातच बसलेला आहे.

इथे काही मित्र म्हणतील, सर, माणसांनी काय कमी युद्धं लावली? लावली. मान्य. नाना कुऱ्हाड घेऊन निघाले होते ते स्वतःच्या डोक्याने निघाले होते, त्यांना मोबाईलने सांगितलं नव्हतं. आणि यंत्राला माणसाला न सुचणारी चाल सुचते, हेही खरं. २०१६ मध्ये गो नावाच्या खेळात अल्फागो या एआयने ली सेडॉल या नामवंत खेळाडूविरुद्ध दुसऱ्या डावात सदतिसावी चाल खेळली, तेव्हा जाणकारांना ती आधी चूक वाटली होती. अशी चाल तहाच्या कामी येत असेल तर मला हवी आहे. एखाद्या मुत्सद्द्याला रात्री दोन वाजता यंत्राने सांगितलं की साहेब, समोरच्याला घरी तोंड दाखवायला जागा ठेवा, हा एक मार्ग उरलाय, तर त्या यंत्राला मी नमस्कार करीन.

पण गो मध्ये पट दिसतो. दोघांचे सगळे मोहरे समोर असतात. आमच्या विहिरीवरचा पट कोणाला दिसत होता?

दुपारी मी चुलत पुतण्याला फोन केला. पुतण्यासमोरच केला, स्पीकरवर. म्हणालो, "बेटा, गुरुवारी मोटार चालवलीस?" तो गप्प. मग म्हणाला, "हो काका. सांगणार होतो. आबांना दोन रात्री धुळ्याला दवाखान्यात ठेवलं होतं. आमची पाळी तशीच गेली. रोप माना टाकत होतं."

आबा म्हणजे माझा चुलत भाऊ. लहानपणी आम्ही एका ताटात जेवायचो. तो दोन रात्री दवाखान्यात होता आणि मला माहीत नव्हतं! माझ्या घरापासून त्याचं घर चारशे पावलं. आम्ही व्हिडिओ काढायच्या, नोटिसा धाडायच्या गोष्टी करत होतो आणि तिकडे त्याच्या हाताला सलाईन.

इथे माझा राग यंत्रावरून उतरला आणि माझ्यावर आला. यंत्राला कोण सांगणार होतं? आम्हालाच ठाऊक नव्हतं. पोराने जे दिलं त्यात आबा नव्हताच. 'समोरचा' होता. समोरचा म्हटलं की त्याला बाप नसतो, आजार नसतो, माना टाकणारं रोप नसतं.

पुतण्या खाली बघत बसला होता. मी त्याला काही बोललो नाही.

हेच देशांच्या बाबतीत धरा, अंगावर काटा येतो. २०२५ च्या मे महिन्यातल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार रात्री आठवा. ७ तारखेपासून १० तारखेपर्यंत. आमच्या गल्लीतल्या एका माउलीचा मुलगा तिकडे तैनात होता. ती ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसायची. टीव्हीवर कोण काय बरळत होतं, हे शहर घेतलं, ते बंदर जाळलं. तिने टीव्हीची वायरच काढून ठेवली. खान्देशातली किती घरं अशी आहेत! आपल्या वरणगावच्या कारखान्यात बंदुकीच्या गोळ्या तयार होतात, त्या भरणारे हात आपल्या ओळखीचे आहेत. युद्ध आपल्यासाठी पडद्यावरचा खेळ कधीच नव्हता. आणि अशा रात्री कोणी म्हणावं की निर्णय सेकंदात झाले पाहिजेत, माणूस फार वेळ लावतो? लावू दे ना वेळ! त्या वेळातच तर ती माउली जगत होती.

सोव्हिएत रशियात २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री स्टानिस्लाव्ह पेट्रोव्ह नावाचा लेफ्टनंट कर्नल ड्यूटीवर होता. उपग्रहाच्या यंत्रणेने सांगितलं, अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटलं. मग आणखी चार. यंत्रणा खात्री देत होती. त्याच महिन्याच्या सुरुवातीला सोव्हिएत विमानाने दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं, २६९ माणसं गेली होती, दोन्हीकडे बोटं घोड्यावर. पेट्रोव्हने विचार केला, अमेरिका सुरुवात करील तर पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडील? म्हणजे तो त्या क्षणाला वॉशिंग्टनमधल्या माणसाच्या जागेवर जाऊन बसला. त्याने वर कळवलं, हा खोटा इशारा आहे. खोटाच होता. ढगांवर पडलेलं ऊन यंत्राला क्षेपणास्त्र वाटलं होतं.

तू त्याना जागावर बठ. पेट्रोव्हला आप्पा कुठे भेटले होते?

नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरू देशात लिमाला बायडेन आणि शी जिनपिंग भेटले तेव्हा एवढं तरी कबूल झालं, की अण्वस्त्र वापरायचा निर्णय माणसाच्याच हातात राहील. बरं वाटलं वाचून. पण अण्वस्त्राच्या खालचं सगळं? ड्रोन कोणावर सोडायचा, कोणत्या घरावर संशय घ्यायचा, तहाची बोलणी कधी तोडायची? तिथे कोण बसणार, आणि त्याच्यापुढे सल्ल्याचा कागद आला की तो उलटून प्रश्न विचारील की सही करून मोकळा होईल? मला भीती यंत्र हुकूम देईल याची कमी आहे. माणूस "यंत्राने सांगितलं" म्हणून हात झटकेल याची जास्त आहे. आप्पांना असे हात झटकता येत नव्हते. त्यांना सुगीला दोघांच्याही खळ्यावर जायचं होतं.

आणि कोणी म्हणेल की खेड्यातल्या गोष्टी देशांना लावू नका. तर ऐका, आंध्र प्रदेशात गावकऱ्यांना भूजलाचा खेळ खेळायला बसवतात. कोणी जास्त पाण्याचं पीक निवडायचं, कोणी कमी पाण्याचं, आणि फेरीगणिक जमिनीतलं पाणी किती उतरलं ते सगळ्यांनी बघायचं. अभ्यासकांनी हे केलंय, भाबडेपणा नाही हा. एआयने असा खेळ मांडायला मदत करावी ना! पावसाचे आकडे द्यावेत, दहा वर्षांनी गिरणेचं, तापीचं काय होईल ते दाखवावं. गिरणा धरणाच्या आवर्तनावरून दरवर्षी वरचे आणि खालचे एकमेकांवर डोळे वटारतात, त्यांना एका टेबलावर बसवून जागा बदलायला लावा. चाळीसगावचा माणूस जळगावच्या खुर्चीत, जळगावचा मालेगावच्या. यंत्राला चिंचोके मोजू द्या. खुर्चीत बसायचं काम माणसाचं.

आप्पांचा खेळही जादूचा नव्हता, हे सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी बापाचं देऊळ बांधतोय. नाना आणि जिभाऊ त्यानंतर दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. लग्नात पंगत वेगळी. पण चारी पुन्हा फुटली नाही. त्या उन्हाळ्यात नानांनी आपल्या वाटचा एक पहर खाली सोडायला सांगितला. जिभाऊंना सांगितलं नाही, आप्पांना सांगितलं, रात्री, आमच्या दारात उभं राहून. मी आत जागा होतो. "सोडी दे खाले," एवढं म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी मी आणि पुतण्या आबाकडे जाऊन आलो. बरा आहे. अशक्त झालाय, आवाज बसलाय. विहिरीचा विषय कोणी काढला नाही. वहिनींनी चहा केला. निघताना दोन्ही पोरं अंगणात उभी होती, एकमेकांकडे न बघता. दोघांच्याही हातात मोबाईल.

रविवारी सकाळी दोघांना विहिरीवर बोलावलंय. पुतण्या, तू ही पोस्ट वाचशील हे मला माहीत आहे. मोबाईल आण हवं तर, लाईटचं वेळापत्रक आणि पाण्याचा हिशोब त्यावर काढू. चिंचोके मी आणतो. चाळीस मोजून ठेवलेत.

तू त्याच्या जागेवर बसायचंस.